खुणेच्या अलीकडे

ऑपरेशन थिएटरबाहेर आम्ही दोघंच बसलो होतो. मी भावासाठी, बाकावर शेजारी बसलेले काका बायकोसाठी. त्यांच्या हातात वाचनालयातली विनोदी विज्ञान कादंबरी होती. यान भरकटलंय, दहा मिनिटांचा प्राणवायू उरलाय, आणि आचारी कप्तानाला विचारतोय, "पोह्यांना कांदा बारीक चिरू की उभा?" काका तेच पान पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून हसत होते. ओठ मात्र कोरडे पडले होते.

"पुढे काय होतं?" न राहवून मी विचारलं.

"माहीत नाही. पुस्तक एक, वाचणारे दोघं. तिचं एसटीचं तिकीट इथे खुणेला आहे. तिच्यापुढे जायचं नाही, असं आमचं ठरलंय."

असली पुस्तकं म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असं मी आजवर तोऱ्यात सांगत आलो. त्या बाकावर कळलं, जीव टांगणीला लागलेला असताना कांद्याची चौकशी करणारं कुणीतरी जवळ हवं असतं.

दार उघडलं. नर्सने काकांना आत बोलावलं. ते उठले आणि पुस्तक माझ्या हातात देत म्हणाले, "धरा जरा. तिकीट हलवू नका."

यानाचं काय झालं ते बघायला बोटं शिवशिवत होती. मी पान उलटलं नाही.