धसकटातली परीक्षा

मंद्रूपच्या पुढं, ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात आमची परीक्षा होती. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलींना तयार करणाऱ्या सोलापुरातल्या एका खासगी संस्थेत मी शिकत होते. शिबिराच्या शेवटी मोजक्या मुली निवडल्या जाणार होत्या. त्यांचं पुढचं राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. बाकीच्यांनी घरी जायचं. माझ्या घरी लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, त्यामुळं मला ती निवड हवीच होती.

त्या दिवशी तुकडीची प्रमुख मी होते. पाठीवर सामानानं भरलेला पिठ्ठू, आणि जखमी सैनिक म्हणून वाळूची पोती बांधलेलं एक स्ट्रेचर. ते समोरच्या टेकडीवरच्या झेंड्यापर्यंत न्यायचं. आमचं नेतृत्व जोखायला एक निवृत्त अधिकारी होते. निघतानाच त्यांनी बजावलं, "मी इथं नाही असं समजा." त्यांची जीप मात्र बांधाबांधानं मागं येत होती.

ऊन असं, की धसकटांतली जमीन बुटातून भाजत होती. स्ट्रेचरच्या पुढच्या दांड्याला करमाळ्याकडची एक मुलगी होती, आमच्यातली सगळ्यांत काटक. ती अडखळायला लागली. मी म्हटलं, दांडा दुसरीला दे.

"मला काय झालं न्हाय. चल की."

थोडं पुढं गेल्यावर ती एकदम म्हणाली, "आईला सांग, म्हशीला पाणी दावलंय."

मी तिच्या मानेला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही.

"स्ट्रेचर खाली!" मी ओरडले.

बाभळीच्या विरळ सावलीत तिला आडवं केलं, बूट काढले, सगळ्यांच्या बाटल्या तिच्या अंगावर ओतल्या. साहेब जीपमधून उतरून जवळच उभे राहून लिहीत होते. ती डोळे फिरवत होती आणि हा माणूस लिहीत होता!

"सर, गाडी द्या. हिला दवाखान्यात न्यायला हवं."

"तुमची तुकडी, तुमचा निर्णय. या सरावात गाडी नाही."

"मग सराव संपला. मी संपवला."

"आवाज खाली, कॅडेट."

मी त्यांच्या हातातलं पॅड हिसकावलं आणि धसकटात भिरकावलं. "आता तरी दिसती का ती तुम्हाला?"

त्यांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी ड्रायव्हरला हात केला.

दवाखान्यात डॉक्टर आमच्यावरच डाफरले. आणखी उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं, म्हणाले.

ती बरी होऊन आल्यावर सगळ्यांसमोर निकाल झाला. साहेब म्हणाले, "नेतृत्व म्हणजे डोकं शांत ठेवणं. या कॅडेटनं ते गमावलं." मग त्यांनी तिला उभं केलं. विचारलं, नेमकं काय झालं होतं?

ती समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "थोडी चक्कर आली होती, सर. मी पोचले असते."

तिची निवड झाली. जिद्दीसाठी. माझी झाली नाही.

मी ट्रंक भरत होते तेव्हा ती दारात आली.

"रागावलीस व्हय?"

"मग काय आरती ओवाळू?"

"तुझी बाजू घेतली असती तर मलाबी काढलं असतं. मी घरी भांडून आलीया. मला परत जायला जागा न्हाय."

"तू मेली असतीस गं."

"म्हायत हाय," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

तिचं म्हणणं मला कळत होतं. पण माझा हात काही तिच्या पाठीवर गेला नाही. ट्रंकेला कुलूप लावलं आणि निघाले.

लग्न मी होऊ दिलं नाही. आता एका शाळेत खेळ शिकवते. भर उन्हात मुलींना पळवायचं नाही यावरून मुख्याध्यापकांशी दर उन्हाळ्यात माझं वाजतं. सगळे म्हणतात, बाई तापट आहेत. असू दे.

ती अधिकारी झाली. संस्थेच्या फाटकावर तिचा गणवेशातला मोठा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, 'आम्ही घडवलेली'. परवा तिथून जाताना मी स्कूटर थांबवली आणि फोटोकडं बोट करत फाटकावरच्या माणसाला म्हणाले, "तुमच्या साहेबांना सांगा, ही त्यांच्यासमोर मरत होती." तो बावचळून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "नाव काय सांगू, मॅडम?"

मी नाव सांगितलं. दोनदा, नीट उच्चारून.