दोन्या एर्लिंदाची भरलेली पिंपं

मेक्सिको शहरात स्टेडियमकडे जाणाऱ्या उंच रस्त्यावरून जी टेकडी दिसते, तिच्या पहिल्याच आळीत दोन्या एर्लिंदाचं घर. घराच्या विटांना गिलावा नव्हता आणि दोन्याच्या जिभेला हाड नव्हतं. उभा जन्म तिने तमाले, म्हणजे मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेले मक्याचे उंडे, विकून काढला. चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका खळखळून धुतल्याशिवाय चांगला तमाल होत नाही, त्यामुळे तिचं सगळं पोट पाण्यावर. घरात नळ होता, पण त्यातून नेमाने फक्त हवा यायची.

पाणी आणायचा चावा नावाचा टँकरवाला. आळीचा रिवाज सोपा होता. पिंप रिकामं झालं की दारात उपडं घालायचं, भरलं की सुलटं ठेवायचं. चावा खालच्या वळणावरून मान वर करून बघायचा. उपडं पिंप दिसलं तरच चढ चढायचा, नाहीतर पुढच्या वस्तीकडे वळायचा.

मग फुटबॉलचा विश्वचषक यायचा झाला, आणि त्याच्याआधी आला सुशोभीकरणाचा साहेब, बुस्तोस. त्याने रस्त्यावर उभं राहून टेकडी न्याहाळली आणि रस्त्यावरून दिसतील तेवढ्याच भिंती रंगवायचा हुकूम सोडला. मागच्या भिंती देवाच्या भरवशावर. दारातली पिंपं त्याच्या डोळ्यांत खुपली, म्हणून ती परसात गेली. बाहेर दिसतील ती ट्रकमध्ये घालून नेणार, अशी तंबीही मिळाली. दोन्याने तोंड सोडलं, तेव्हा बुस्तोसने तिचं तोंड गोड करायचं ठरवलं. तिच्या अख्ख्या भिंतीवर त्याने तिचंच चित्र काढून घेतलं. चित्रातली दोन्या चांगली वीस वर्षांनी तरुण, सगळे दात शाबूत, तोंडभर हसणारी. शेजारी तीन पिंपं, सुलटी, काठोकाठ भरलेली. पाणी असं निळंशार की चिमण्या फसाव्यात.

चिमण्यांचं माहीत नाही, चावा मात्र फसला. त्याने वळणावरून भरलेली पिंपं पाहिली आणि खुशाल पुढे निघून गेला. पुढच्या खेपेलाही तेच. दोन्याने फोन लावला, तर म्हणतो कसा, "फोनवर सगळेच रडतात, दोन्या. मी डोळ्यांनी बघतो ना."

आळीतली भांडी कोरडी पडली. शेजारीण ओफेलिया म्हणाली, "अगं, त्या भिंतीवरच्या बाईकडे बादलीभर उसनं माग की. श्रीमंत दिसते." एरवी अशा टोमण्याला दोन्याने सव्वाशेर टोमणा हाणला असता. पण त्या दिवशी धुवायला पाणी नाही म्हणून मका आंबला होता, आणि तो डुकरांना घालताना तिला रडू फुटलं.

ती बुस्तोसच्या कचेरीत गेली. त्याने कॉफी पाजली, एक गुळगुळीत पुस्तक उघडून तिच्या भिंतीचा फोटो दाखवला, आणि परदेशी पाहुणे या भिंतीवर किती खूश आहेत ते सांगितलं. घरात थेंब नाही, असं दोन्या म्हणाली, तेव्हा त्याने पुन्हा फोटोकडेच बोट केलं. स्पर्धा संपेपर्यंत कळ काढा, म्हणाला; आत्ता पिंपं बाहेर आली तर जगाला काय वाटेल?

पहिल्या सामन्याच्या सकाळी पाहुण्यांची बस भिंत बघायला आळीत आली. दोन्याने आपलं एकुलतं एक धड पिंप परसातून गडगडत आणलं, भिंतीसमोर उपडं घातलं आणि त्यावर बसली. न्यायचंच असेल तर हे तिच्यासकट उचलून न्यावं लागणार होतं. पाहुणे भिंतीवरच्या दोन्याकडे बघत, मग पिंपावरच्या दोन्याकडे, आणि दोघींचे फोटो काढत. बुस्तोस घामाघूम होऊन धावत आला. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून तो दातांमधून पुटपुटला, "उठा हो, पाया पडतो. लोक बघतायत."

"बघू दे की. त्यासाठीच तर रंगवलंस ना मला?"

तेवढ्यात खालच्या वळणावर टँकर थांबला. चावा बराच वेळ वर बघत राहिला, मग घरघर करत चढ चढून आला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "दोन्या, हा काय घोळ आहे? तिकडे तीन भरलेली, इकडे एक उपडं. खरं कुठलं समजू?"

"ज्याच्यावर मी बसलेय ते," दोन्या म्हणाली. "लाव नळी."