अण्णाच्या एअर रायफलीत अडकलेला छर्रा

मंडळी, आज आमच्या घरी फार थोडक्यात निभावलं.

सकाळी माझा मोठा भाऊ अण्णा सिन्नरहून त्याची जुनी एअर रायफल घेऊन नाशिकला आला. १९८२च्या सुमारास कॉलेजात असताना आम्ही दोघं तिनेच कागदी टार्गेटवर सराव करायचो.

"जोरच राहिला नाही गं हिच्यात, बहुतेक हवा सुटतेय," अण्णा म्हणाला. "तू चाप दाब, मी नळीपाशी कान लावून ऐकतो."

"कान बाजूला घे आधी!" मी ओरडलेच.

"अगं, रिकामी आहे ती. चाळीस वर्षं माळ्यावर होती."

मी रायफल ताणून तिच्यात दाब भरलाच नाही. नळी भिंतीकडे वळवून छर्रा भरायचा बोल्ट उघडला आणि नळीत सळई सरकवली. टप्पकन एक पांढुरका छर्रा फरशीवर पडला.

अण्णाने तो उचलून निरखला. "आपल्या शेवटच्या सरावाचा असेल," तो म्हणाला.

चहा झाल्यावर बिघाड सापडला. बोल्टच्या टोकाची रबरी रिंग कडक होऊन तडकली होती. अण्णाने शिलाई मशीनचं तेल आणलं होतं, ते मी लांब ठेवलं. दाबाखाली असं तेल आत पेटू शकतं. नवी रिंग बसवून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. हवा सुटायची थांबली.

दुपारी वहिनीचा फोन आला, "झाली का रायफल दुरुस्त?"

अण्णा म्हणाला, "रायफलही झाली आणि मीही."

"रिकामीच आहे" असं कुणी म्हटलं, तर तुम्ही स्वतः उघडून बघता ना?