साहेबाची निवड

"पिंजरा तेवढा हलवा हितनं. तिचा जीव त्यातच गुतलाय."

आत्याबाई माजघरात काकांना सांगत होत्या आणि मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. काकूंचं तेरावं नुकतंच झालं होतं. दहाव्याला कावळा पिंडाला लवकर शिवला नव्हता. काकांनी घाटावर हात जोडून एकेक वचन दिलं, घर मोडणार नाही, पोरीचं नीट करीन... तरी कावळा बाभळीवरून खाली उतरेना. ऊन चांगलं वर आल्यावर तो शिवला खरा, पण आत्याबाईंच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली. काकांच्या या थोरल्या बहीण मोहोळहून आल्या होत्या आणि भावजयीवर त्यांची फार माया होती. "उद्या जाताना मी घिऊन जाते पाखराला. मळ्यात सोडते. ते सुटलं की ती बी सुटंल बग," त्या म्हणाल्या. तेवढ्यात माझ्या डोक्यावरच्या पिंजऱ्यातून काकूंचाच आवाज आला. "आलीस? बस. पानी पी." आत पदराने नाक पुसल्याचा आवाज झाला आणि मी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागले.

आमच्या पोपटाचं नाव साहेब. तो काकूंनी निवडला, आणि तो कसा निवडला हे सांगितल्याशिवाय मला काकूंबद्दल काही सांगता येणार नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील रेल्वेत, आज या गावी तर उद्या त्या, म्हणून त्यांनी मला सोलापुरात त्यांच्या भावाकडे आणून ठेवलं आणि मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. काका गिरणीत स्टोअरकीपर होते. काकू मंगळवेढ्याच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, आवाजाने मोठ्या, हसल्या की शेजारच्या हातमागवाल्यांच्या घरात ऐकू जावं अशा. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्या घरात आले तेव्हा जेमतेम हो-नाही एवढं बोलत असे. शाळेत इंग्रजी बोलताना चुकण्याची भीती, घरी मराठी बोलताना हसतील ही भीती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझी हनुवटी धरून म्हणे, "बोल की गं, जीभ मांजरानं नेली का?" संक्रांत तर मला नकोशी होई. सगळं गाव तिळगूळ हातावर ठेवून गोड बोला म्हणायचं, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत थांबायचं.

अशाच एका संक्रांतीला आम्ही गड्ड्याच्या जत्रेत गेलो. काकांना बोलणारा पोपट हवा होता. पाखरं विकणाऱ्या चाचांपाशी लहान लहान पोपटांचा एक पिंजरा होता, त्यातला एक सारखा 'मिठ्ठू मिठ्ठू' करत होता. काका त्याच्यावर खूश झाले. पण काकू बाजूच्या पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यात एकटाच मोठा पहाडी पोपट होता, पंखावर तांबडा डाग, चोच केवढी थोरली, आणि गळ्याभोवती कंठाचा पट्टा नाही. तो मान तिरकी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघत होता, बस्स.

"वो नक्को लो, बाई," चाचा म्हणाले. "उसको कंठ नै. कंठ नै तो बोलता नै. आणि खातो किती म्हाईत हाय? उपरसे चालीस साल जीता है. गळ्यात पडंल तुमच्या."

"किती वर्सं?" काकूंनी पुन्हा विचारलं.

"चालीस. जास्तीच, कम नै."

"मग ह्योच द्या."

काका वैतागले. "अगं, घरात एक मुकं आहेच. आता दुसरं कशाला?"

ते मला लागावं म्हणून म्हणाले नव्हते. मी चार पावलं मागे उभी आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. काकूंच्या मात्र होतं. त्या वळल्या नाहीत, पण आवाज चढवून म्हणाल्या, "मुकं न्हाय ओ ते. बगतंय. बगून झालं की बोलंल." आणि मग, पिंजऱ्याच्या कडीला हात घालता घालता, खाली मान घालून, "आनि आपुन काय जलमाला पुरतोय व्हय पोरीला? ह्यो पुरंल."

हे दुसरं वाक्य माझ्यासाठी नव्हतं. पण ऐकायचं मी तोपर्यंत चांगलं शिकले होते.

पोपट घरी आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने वेताचा पिंजरा चोचीने उसकटून टाकला. लोखंडी करावा लागला. काका रोज गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी हातात मिरची धरून त्याला 'राम राम' शिकवत. पोपट मिरची घेई आणि पाठ फिरवी. "आमच्या गिरणीतल्या साहेबासारखाच आहे," काका म्हणाले, "द्याल ते घेतो आणि बोलत नाही." तेव्हापासून तो साहेब. पुढे त्याच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ उगवला. लहानपणी तो नसतोच, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो बोलला नाही.

मला त्याच्यासमोर मात्र बोलता येई. शाळेचे इंग्रजी धडे मी परसात त्याच्यापुढे मोठ्याने वाचत असे. तो एका पायावर उभा राहून ऐके आणि चुकलं तरी हसत नसे. एकदा पलीकडच्या बायका कौतुकाने ऐकायला निघाल्या, तर काकूंनी परसाच्या दारातच बैठक मारली. "तिकडं जाऊ नगासा. साळा चाललीया," म्हणून त्या दारात शेंगा फोडत बसल्या. मी पाठमोरी होते. मला कळलं आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण तसं त्यांनी मला कधी कळू दिलं नाही.

आणि रोज मी शाळेतून आले की त्या म्हणत, "आलीस? बस. पानी पी." एवढंच. आज काय झालं, कोण काय म्हणालं, तोंड का उतरलंय... काही नाही. मी मान हलवी आणि तांब्या तोंडाला लावी. माझ्याकडून उत्तराची अपेक्षा न करणारं या जगात तेवढं एक माणूस होतं. मला वाटतं, पुढे मी थोडंफार बोलू लागले, परीक्षा दिल्या, ते या न मागण्याच्या बळावर.

साहेब बोलला तो हेच. एका दुपारी काकू विहिरीवर होत्या, मी दारातून आत आले, आणि ओसरीतून आवाज आला, "आलीस? बस. पानी पी." त्याला शिकवलेलं एक अक्षर आलं नाही, आणि कुणी न शिकवलेलं तेवढं आलं. काका कामावरून आले तरी तो त्यांना 'आलीस?' विचारी. "अरे, मिशा बघ की माझ्या!" काका ओरडत, आणि काकू हसून हसून भिंतीला टेकत.

काकू तापाने गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या बोलत नव्हत्या. मी उशाशी बसे, आणि त्यांनी मला शिकवलं होतं तसंच, काही विचारत नसे. पाणी देत असे.

आत्याबाई माजघरात बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी टांगा दारात आला. काकांनी पिंजरा खुंटीवरून काढून आत्याबाईंच्या हाती दिला आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत्याबाईंना वाटेत लागेल म्हणून मी विहिरीवरून पाण्याने फिरकीचा तांब्या भरून आणत होते. उंबऱ्यात पाय ठेवला आणि साहेबाने मान तिरकी करून मला पाहिलं.

"आलीस?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाला नुसती मान हलवत आले होते.

"आले," मी म्हणाले. काका वळले. आत्याबाई थांबल्या. टांगेवालासुद्धा बघू लागला. आता मागे फिरता येत नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला आणि पिंजऱ्याच्या कडीला हात घातला.

"आत्याबाई, काकूंचा जीव यात अडकलेला नाही. हा त्यांनी माझ्यासाठी घेतलाय, आयुष्यभर मला पुरेल म्हणून. मी तो नेऊ देणार नाही."