नुसत्या सुईचा आवाज

आमच्या गल्लीच्या टोकाला, सायकलवाल्याच्या वरच्या मजल्यावर, सुईकाकांचं दुकान आहे. दारावर नावाची पाटी होती. ती पडली, आणि गल्लीने ठेवलेलं नाव तेवढं राहिलं. रेकॉर्ड वाजवायची टर्नटेबलं ते दुरुस्त करतात. साठी उलटलेली, बोलणं मोजकं, बसायची जागा ठरलेली: डावा खांदा भिंतीला लावून. आलेल्या माणसाला ते उजवीकडे बसवतात. मला वाटायचं, उजेड अडू नये म्हणून.

माझी लेक दोन टर्नटेबलं घेऊन संगीत करते. "दुसऱ्यांची गाणी वाजवतेस, त्यात तुझं काय गं?" असं मी एकदा बोलून गेले, तर तिने मला ओढतच वर नेलं.

"काका, आईला समजावा. माझ्याच्याने होत नाही."

काकांनी एक यंत्र पुढे ओढलं. "ताई, रेकॉर्डवर एकच लांब खाच असते, बाहेरून आत जाणारी. तिच्या भिंती नागमोडी. त्यातून जाताना सुई थरथरते. सुईमागे इवलंसं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, त्यातून कणभर वीज निघते. ती वाढवून स्पीकरला दिली की झालं गाणं. बाकी सगळा थाट."

मग लेकीने हात चालवला. थाळी फिरत होती, तिच्यावर मऊ कापडाची चकती, त्यावर रेकॉर्ड. तिने दोन बोटांनी रेकॉर्ड धरून ठेवली. थाळी खालून घसरत राहिली. रेकॉर्ड पुढे-मागे ढकलत तिने गाणाऱ्या बाईच्या एका श्वासाचे चार ठोके केले आणि दुसऱ्या टर्नटेबलवरच्या ढोलात ते नेमके बसवले. आता ते त्या बाईचं राहिलं नव्हतं.

"पोरगी तयार आहे," काका म्हणाले. "वीस वर्षं मीही हेच केलं." मला तेव्हा ते नुसतं कौतुक वाटलं.

पुढची रेकॉर्ड कुठून सोडायची ते आधी ऐकून ठेवावं लागतं. त्यासाठी हेडफोन एकाच कानाला, काकांनी लेकीला शिकवल्याप्रमाणे डाव्या. उजवा मोकळा, कार्यक्रमाच्या हॉलमधल्या आवाजासाठी. हॉलच्या दणदणाटात हेडफोनमधलं ऐकू यायचं तर त्याचा आवाज वाढवत न्यावा लागतो. असं सलग चार-चार, पाच-पाच तास.

काकांची एक खोड होती. यंत्र परत देण्याआधी ते स्पीकर बंद ठेवून रेकॉर्ड लावत आणि सुईपाशी कान नेत. नुसती सुईही गाते, डासाएवढं. ते स्वच्छ आलं तर सुई चांगली. गिऱ्हाइकं चेष्टा करत, "काय म्हणते सुई?" काका म्हणत, "म्हणते, हा माणूस धूळ पुसत नाही."

यंदा लेकीने महिन्याभरात तीन सुया बदलल्या. दर वेळी तक्रार एकच, सुई मंद झाली. उठाव यावा म्हणून तिने सुईच्या दांडीवरचं वजन स्वतःच वाढवलं होतं. आवडत्या रेकॉर्डच्या खाचा त्याने पांढुरक्या पडल्या. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की "काय?" येई, दुसऱ्यांदा मारली की पुन्हा "काय?" फोन ती आता उजव्या कानाला लावू लागली होती. मला ते दिसत होतं, पण मी ते कामाच्या व्यापावर ढकललं.

चौथ्या सुईसाठी ती गेली तेव्हा मीही मागोमाग गेले. दुपार होती, खाली सायकलवाल्याने शटर ओढलेलं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. काकांनी भिंग लावून सुई पाहिली.

"सुई ठणठणीत आहे."

"मग तारा बघा. शनिवारी माझा कार्यक्रम आहे."

"हेडफोन कुठल्या कानाला लावतेस?"

"डाव्या. तुम्हीच शिकवलंत की."

काकांनी तिला यंत्राकडे डावा कान करून बसवलं. "उजव्या कानात बोट घाल. घट्ट. डोळे मीट." मग स्पीकर बंद केला आणि सुई टेकवली.

मी दाराशी उभी होते. तीन पावलांवरून मला ती बाई गाताना ऐकू येत होती. बारीक, पण शब्द न् शब्द.

"लावा ना," लेक म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रेकॉर्ड फिरत होती.

"काका, लावताय ना?"

तिने डोळे उघडले. फिरणाऱ्या थाळीकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग हसली. "बाहेर किती गोंगाट आहे. मला नवी सुई द्या."

"संपल्या," काका म्हणाले. त्यांच्यामागचा खण उघडाच होता. आत सुयांच्या डब्या ओळीने लावलेल्या.

"मग दुसरीकडे बघते," म्हणून ती यंत्र उचलून जिना उतरली.

काका उठून खण लावायला गेले. मी जवळ जाऊन विचारलं, "काका, गेलेलं परत येतं का हो?"

ते डब्या सरळ करत राहिले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी मान वळवली नाही, आणि मग माझ्या लक्षात आलं, मी त्यांच्या डावीकडे उभी होते.