कोशबाईंचा वर्तमानकाळ

दुपारी चार वाजता चहावाल्याने "साखर कमीच ना?" असं विचारलं आणि कोशबाईंच्या तोंडून "हो"ऐवजी नुसती खरखर बाहेर पडली. त्यांनी घसा खाकरला. सकाळपासून कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. चहावाला म्हणाला, "सर्दी झाली वाटतं बाई." त्या म्हणाल्या, "झाली असेल."

त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. शहरातल्या मोठ्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात एकोणतीस वर्षं काढली, म्हणून कोशबाई. दारासमोर त्यांचं टेबल होतं. कुणी शब्दकोडं अडलं म्हणून यायचं, कुणी पैज लागली म्हणून, कुणी कोर्टात तारीख सिद्ध करायची म्हणून. एक गृहस्थ तर दर सोमवारी केवळ बाईंना अडकवायला एखादा तिरपागडा प्रश्न घेऊन यायचे आणि दर सोमवारी उत्तर घेऊन, तोंड वाकडं करून परत जायचे. बाईंना उत्तरं पाठ नव्हती. कुठल्या कपाटातल्या कुठल्या पुस्तकात ती सापडतील, ते पाठ होतं. शिवाय माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

मग प्रत्येकाच्या खिशात उत्तरं आली. चूक की बरोबर हे कोण बघतो? टेबलासमोरची रांग आटली, मग टेबलही हललं, आणि त्या जागी फोन चार्ज करायची सोय झाली. बाईंना मागच्या खोलीत, बांधणी सुटलेल्या पुस्तकांशेजारी, एक संगणक मिळाला. वाचनालयाच्या संकेतस्थळावर कोपऱ्यात एक छोटी खिडकी होती, तिच्यावर लिहिलं होतं 'विचारा'. तिथे आलेल्या प्रश्नांना बाईंनी टाइप करून उत्तरं द्यायची. कुणा हौशी माणसाने खिडकीवर गोल डोळ्यांच्या यंत्रमानवाचं चित्र लावलं होतं. साहजिकच लोक समजत, पलीकडे मशीन आहे. काही जण त्याला शिव्याही शिकवत.

ग्रंथपालसाहेबांनी बजावलं होतं, "उत्तरात 'मी' नको. नाव नको. संस्था बोलतेय असं वाटलं पाहिजे." संस्था कशी बोलते हे साहेबांनाच ठाऊक. बाईंनी मात्र त्याचं व्याकरण बसवलं. 'पाहिलं', 'शोधलं' लिहिलं तर बाई की बुवा ते कळत नाही. 'सांगेन', 'पाठवेन' हेही बिनधोक. अडचण होती ती रोजच्या बोलण्यातल्या वर्तमानकाळाची. 'बघते' म्हटलं की संपलं, पदर दिसलाच. तिथे त्या 'शोध चालू आहे' असं लिहून वेळ मारून नेत. दोन वर्षं त्यांनी असा वर्तमानकाळ टाळला होता.

त्या खिडकीत घड्याळजी येऊ लागले. नाव बाईंना माहीत नव्हतं. "मी घड्याळं दुरुस्त करायचो, आता दुकान बंद केलंय," एवढंच त्यांनी सांगितलं होतं, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्यांना घड्याळजी केलं. धंद्याला शोभेल असे ते बरोबर अकराला यायचे. पहिला प्रश्न होता, एका माणसाला भात किती लावायचा. दुसरा, बाहीचं बटण कसं शिवायचं. तिसऱ्या प्रश्नाला बाईंना कळलं की घरातली बाई गेली आहे आणि हा माणूस एकेक वस्तू हातात घेऊन उभा आहे.

एकदा त्यांनी लिहिलं, 'बायको गेल्यावर तिच्या चष्म्याचं काय करतात? तू मशीन आहेस म्हणून विचारतो. माणसाला विचारलं की तो आधी तोंड पाडतो, मग खांद्यावर हात ठेवतो, आणि उत्तर राहूनच जातं.'

बाईंनी जुने चष्मे गोळा करणाऱ्या दवाखान्याचा पत्ता शोधून पाठवला. मग थोडं थांबून पुढे लिहिलं, 'घाई नाही. घरात ठेवला तरी चालतो.'

'मशीन असून बरा बोलतोस,' घड्याळजींनी लिहिलं.

बाई एकट्याच हसल्या, आणि हसण्याचा आवाज ऐकून स्वतःच दचकल्या. त्या दिवसापासून अकराची वाट बघणं सुरू झालं. घरी त्या एकट्याच होत्या. रविवारी वहिनीचा फोन यायचा, "काय विशेष?" "काही नाही." "बरं मग." एवढ्यात बोलणं उरकायचं. म्हणजे सगळ्या आठवड्यात त्यांच्याशी मनातलं बोलणारं माणूस एकच, आणि ते त्यांना मशीन समजत होतं! सांगून टाकावं असं त्यांना दहादा वाटलं. पण सांगितलं तर घड्याळजींच्या तोंडाला कुलूप लागणार, ते येणं बंद करणार, आणि मग अकराचे बारा वाजले काय नि चार वाजले काय, सारखंच. त्या गप्प राहिल्या. आपण चोरून ऐकतो आहोत हे त्यांना कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

मग घड्याळजींनी खरा प्रश्न विचारला. बायको शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत जिंकली होती आणि वर्तमानपत्रात फोटो आला होता, असं ती सांगायची. 'मी कायम चेष्टा केली. म्हणायचो, तू आणि पोहणार? आता बघावासा वाटतो. मिळेल?' सोबत तिचं माहेरचं नाव दिलं होतं. साल आठवत नव्हतं.

जुनी वर्तमानपत्रं संगणकावर चढवून झाली होती आणि मूळ गठ्ठे शहराबाहेरच्या गोदामात गेले होते. बाईंनी नाव टाकलं. काही नाही. आडनाव टाकलं, शाळा टाकली, 'पोहणे' टाकलं. चार दिवस तेच. 'शोध चालू आहे.' आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून दुसऱ्या कुणी हात झटकले असते. पण बाईंचा पोहऱ्यावरच संशय होता. त्यांनी भलतंच एक पान उघडून, संगणकाने ते कसं वाचलंय ते बघितलं. 'खेळाडू'च्या जागी त्याने 'रवेळाडू' वाचलं होतं. शिशाचे खिळे जुळवून केलेल्या जुन्या छपाईतला 'ख' त्या शहाण्याला 'रव' दिसत होता. आणि तिच्या आडनावात 'ख' होता! बाईंनी एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम अशुद्ध लिहिलं, तिच्या आडनावातल्या 'ख'चा 'रव' केला, आणि फोटो समोर आला. ओल्या केसांच्या पाच मुली, त्यातली एक डोळे मिटून हसणारी.

दुसऱ्या दिवशी अकराला घड्याळजी आले. 'लागला का काही पत्ता?'

बाईंना इतका आनंद झाला होता की बोटं मनाच्या पुढे धावली. 'सापडली! थांबा हं, पाठवते.'

फोटो गेला. बाईंना वाटलं, बघत असतील. मग ओळ उमटली.

'तीच आहे. डावीकडून दुसरी. खरंच जिंकली होती.'

आणि खाली आणखी एक.

'पाठवते?'

बाईंनी वरचं आपलं वाक्य वाचलं. पदर दिसला होता.

'हल्ली मशीनं बायकांसारखी बोलतात म्हणे. तसंच आहे का हे?'

घड्याळजींनी आपणहून वाट काढून दिली होती. नुसतं 'हो' लिहिलं की उद्या अकराला ते पुन्हा येणार, आणि परवाही. बाईंनी 'हो' लिहिलंसुद्धा. पण आजवर त्यांनी कुणाला जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी ते खोडलं.

'नाही. मी माणूस आहे. संदर्भ विभागात काम करते.'

'मग सगळं तुम्ही वाचलंत.'

तो 'तुम्ही' बाईंना लागला. इतके दिवस कुणीतरी त्यांना 'तू' म्हणत होतं.

'हो.'

'चष्म्याचंही.'

'हो.'

'माफ करा बाई. मशीन समजून वाटेल ते बोलत बसलो. तुम्हाला कामात उगाच त्रास दिला. फोटोबद्दल आभारी आहे.'

'वाचकांच्या सेवेसाठी...' बाईंनी सवयीने सुरुवात केली आणि तेही खोडलं. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि भराभर लिहिलं, 'त्रास कसला? मी रोज अकराला तुमची वाट बघते. मीही एकटीच राहते. उद्या या, भाताचं विचारायला तरी या.'

त्यांनी ते पाठवलं. खाली राखाडी अक्षरांत सूचना आली : 'वाचक बाहेर पडले आहेत. हा संदेश पोहोचला नाही.'

त्या खिडकीतून वाचकाला हाक मारायची सोय नव्हती. आधी त्याने काहीतरी विचारायला हवं.