चिंपांझीची पेन्शन

औषधशास्त्राच्या कॉलेजात प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी समितीची परवानगी लागते. समितीत कॉलेजबाहेरची माणसंही लागतात. मी जीवशास्त्राची निवृत्त बाई, करडी गावाहून एसटीनं येते, चहावर माझं भागतं; म्हणून मला घेतलं.

परवाच्या बैठकीत अध्यक्षांनी पडद्यावर जगभरचे कायदे दाखवले. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटानवर कुठे प्रयोग बंद, कुठे प्रयोगशाळेतून सुटलेल्या चिंपांझींना मरेपर्यंत झाडं, फळं, डॉक्टर. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अशी बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ज्युनियर कॉलेजात शिकवत होते. त्या शहाण्या बाईनं, म्हणजे मीच, वर्गात गूळ-फुटाणे वाटले. आपले भाऊबंद सुटले, असं भाषण ठोकलं. मग त्याच दमात तिनं गावच्या बोडीतून, लहानशा तळ्यातून, पोतंभर आणलेले बेडूक ट्रेमध्ये टाचून पोरांना कापायला लावले. फुटाणे अजून पोरांच्या तोंडात होते.

कायदे संपले, ससे आले. कातडीवरच्या नव्या मलमाची चाचणी. प्रस्ताव मांडणारा प्राध्यापक त्याच वर्गातला, माझाच विद्यार्थी.

"चाचणी झाल्यावर सशांचं काय?" मी विचारलं.

"संपवायचे, बाई. त्रास होत नाही, सुई असते."

"काहून? मलमानं मरत नाहीत, मग सुईनं कायले मारता?"

"ठेवणार कुठं जी?"

"मले द्या. करडीले अंगण आहे माझं. मेथी आहे, पालक आहे."

अध्यक्ष हसले. "तशी पद्धत नाही, मॅडम."

"चिंपांझीले आहे ना?"

"आपल्याकडे चिंपांझी नाहीत."

हेच तर. जो प्राणी या इमारतीत कधी येणार नाही, त्याच्यासाठी अर्धा तास. जो पलीकडच्या खोलीत पालक खातोय, त्याच्यासाठी सुई. तोंड आपल्यासारखं असलं की कायद्याला पाझर फुटतो. लांब कानांना पेन्शन नाही.

प्राध्यापक माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बाई, बेडूक कापायले आम्हाले तुम्हीच शिकवलं ना जी."

"हो ना रे. अन् तू फुटाणे मागून दोनदा घेतले होते."

तो हसला, पण मलम मागे घेतलं नाही. बाकीच्यांनी सह्या केल्या. मी पेनाचं टोपण काढलंच नाही. अध्यक्ष म्हणाले, काही हरकत नाही, बहुमत आहे. मग चहा आला. चांगला होता, त्याचाही मला राग आला.

निघताना प्राध्यापक फाटकापर्यंत सोडायला आला. मी त्याला करडीच्या एसटीची वेळ सांगितली आणि म्हटलं, "चाचणी संपली की सुईच्या आधी फोन कर. टोपली घेऊन येईन."

"पद्धत नाही, बाई," तो म्हणाला.

ससे एका दिवसात फस्त करतील म्हणून अंगणातल्या मेथीला मी जाळी लावून ठेवली आहे. फोन अजून आलेला नाही.